चौथा चर

हाय क्रॉसगिल
शुक्रवार, ९ मार्च २००१

प्रिय डेस,

फोन करू नकोस. फोनवर तू थाप मारलीस तर मला कळत नाही, पत्रात कळते. घाबरलास की तुझं अक्षर डावीकडे झुकतं, शाळेत असल्यापासून; बहीण आहे मी तुझी. टपालवाल्याला सांग, पत्र रस्त्याच्या टोकाला त्या जुन्या दुधाच्या कॅनमध्ये टाक. पुढे तो येत नाही आणि मी येऊही देणार नाही. फाटकात पेंढा अंथरलाय, त्यावर सकाळ-संध्याकाळ औषध ओतते. हाताची सालं निघालीत.

काल शेजारच्या आर्थर वॉसकडे लाळ्या-खुरकुताची खात्री झाली. चारशे मेंढ्या, साठ गायी, सगळं आजच संपवणार. त्याच्या लाल गल्लीच्या तोंडाला पट्टी बांधून पोलीस उभा केलाय. आर्थरने स्वतः फोन केला. रडत नव्हता, तेच वाईट. म्हणाला, "म्युरिअल, तुझ्या माळावर कुणी चढलं नाही ना?" मी छातीठोक सांगितलं, "सत्तावीस फेब्रुवारीला रोगापायी वाटा बंद झाल्यापासून चिटपाखरू नाही."

आणि आज सकाळी वर गेले, तर दगडी क्रॉसपाशी सायकलच्या चाकाचा माग.

दोनशे बारा मेंढ्या आहेत, डेस. सगळ्या गाभण. एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात कोकरं यायची. रोज उजाडलं की एकेकीचं तोंड उघडून बघते, आणि उघडण्याआधी डोळे मिटते.

मी केक भाजायचा कागद घेऊन गेले आणि तो माग शेजारी बसून जसाच्या तसा काढला. जे दिसलं ते सगळं काढलंय, रंगासकट. मला मेंढीच्या कानावरची खूण कळते तसं तुला टायर कळतं. कुणाचं आहे, केव्हाचं आहे, सांग. काय दिसतंय ते सगळं लिही.

म्युरिअल

---

स्टेनरिग
सोमवार, १२ मार्च

प्रिय म्युरिअल,

कागद मिळाला. सायकलच्या दुकानातल्या टेबलावर चारी कोपऱ्यांवर वजनं ठेवून, भिंग घेऊन दोन तास पाहिला. तुझी रेघ चांगली आहे, पण रुंदी तू दोन इंच लिहिलीस ते चूक. पीटच्या ओल्या काळ्या मातीत ठसा कडेने पसरतो. मूळ टायर एक पूर्णांक पंच्याण्णव इंच. पुढचं चाक. मधल्या ठोकळ्यांच्या पुढच्या कडा झिजलेल्या, म्हणजे उतारावर पुढचा ब्रेक जास्त धरणारा माणूस. हवा कमी ठेवलेली, तीस-बत्तीस पौंडांच्या वर नाही, म्हणजे नवशिका नव्हे. वजन नव्वद किलोच्या आसपास. उजव्या कडेचा एक ठोकळा तुटलेला, दर साडेसहा फुटांवर तो रिकामा दात दिसतो. असं टायर मी एकट्याने पाच वर्षांत साठ-सत्तर जणांना बसवून दिलंय, तेव्हा नाव काढणं कठीण.

पण तू घाबरू नकोस. माग जुना आहे. वाटा बंद व्हायच्या आधीचा. तू म्हणशील, मधे बर्फ पडलं आणि वितळलं, मग पुसला कसा गेला नाही? त्याचंही उत्तर आहे. वाटेवरचं पाणी काढायला मी खणलेल्या चरांपैकी चौथ्या चरात पीट आणि हेदरच्या झुडपाच्या काड्या अडकून बांध झाला, त्यामुळे वितळलेलं पाणी वरच्या अंगालाच डावीकडे वळलं आणि क्रॉसपर्यंत पोचलंच नाही. पाण्याचं एवढं कळायला कॉलेजात जावं लागत नाही, पावसात उभं राहावं लागतं. वनखात्याचे दोन पदवीवाले इंजिनिअर मी केलेली सायकलची वाट पाहायला आले होते तेव्हा त्यांनी विचारलं होतं, "ही आखणी कुणाची?" मी म्हणालो, "समोर उभी आहे." असो.

तो कागद जाळून टाकतो. उगाच घरात नको.

आर्थरकडे मारलेली जनावरं जाळताहेत, त्याचा धूर इथून दिसतो. वारा फिरला की दुकानाचं दार लावून घेतो. गिऱ्हाईक नाहीच. वाटाच बंद, सायकल कोण काढणार?

डेस

---

हाय क्रॉसगिल
बुधवार, १४ मार्च

डेस,

चौथा चर.

वाटा बंद झाल्या सत्तावीस फेब्रुवारीला. बर्फ वितळलं दोन आणि तीन मार्चला. चौथ्या चरात काड्या अडकून बांध झाला, हे तुला दुकानातल्या खुर्चीवरून दिसलं का रे?

मी आज वर जाऊन आले. बांध नाही. चर मोकळा आहे, खळखळ वाहतोय. बाजू पाव कापल्यासारख्या सरळ. निघालेला गाळ उताराच्या अंगाला, त्यावर गवताची ढेकळं पालथी घालून पावलाने थापलेली. चोर पकडायला बोटांचे ठसे लागतात म्हणे. तुझ्या बाबतीत फावडं पुरे. या खोऱ्यात दुसरा कुणी चिखल इतका नीटनेटका करत नाही.

म्हणजे तू आलास. वर तोंड करून मला टायरचं पुराण लिहिलंस. "नवशिका नव्हे" म्हणे! स्वतःची पाठ थोपटायची एक संधी सोडू नकोस.

आता सरळ सांग. केव्हा आणि कुठून? बाकी काही लिहू नकोस. बावीस तारखेला, गुरुवारी, सरकारी पशुवैद्य येणार आहे. गेल्या एकवीस दिवसांत माळावर कोण आलं, कुठल्या वाटेने आलं, हे मला कागदावर लिहून खाली सही करायची आहे. रोग लपलेला असला तर चौदा दिवसांत बाहेर पडतो, ते एकवीस धरतात. मी भिंतीवर दिवस मांडायला कुठून सुरुवात करू?

म्युरिअल

---

स्टेनरिग
शुक्रवार, १६ मार्च

प्रिय म्युरिअल,

रविवार, ४ मार्च. दुपारी दोन दहाला निघालो, चार पन्नासला परत.

जंगलातून आलो. वनखात्याच्या फाटकातून, लार्चच्या झाडीतून, माझ्याच वाटेने. जंगलात मेंढी नसते, तुला माहीत आहे. तुझ्या मेंढ्यांपासून मी तीनशे यार्डांच्या आत गेलो नाही. घरी येऊन टायर, बूट, फावडं सगळं धुण्याच्या सोड्याने धुतलं.

का गेलो, ते तुला मूर्खपणाचं वाटेल. शनिवारभर पागोळ्या गळत होत्या आणि मला झोप नव्हती. अकरा वर्षं लागली मला ती वाट करायला. पाच मैल. एकेक दगड पाठीवर नेला. लोक 'गार्बटची खोड' म्हणून हसतात, पण हसतहसत त्याच वाटेने उतरतात. चौथा चर तुंबला की पाणी वाटेवर येतं, आणि एकदा आलं की ते वाट सोडत नाही. एका आठवड्यात गुडघाभर घळ. मला वाटलं, तासाभराचं काम. कुणाला कळणारही नाही.

पहिल्या पत्रात सांगायला हवं होतं. तू विचारलंस "कुणाचं टायर", आणि माझा हात आपोआप दुसरंच लिहीत गेला.

भिंतीवर चार तारखेपासून मांड. पंचवीसला एकवीस दिवस पुरे होतात.

डेस

---

हाय क्रॉसगिल
रविवार, १८ मार्च

डेस,

मी तुला जे म्हणाले ते कागदावर लिहिण्यासारखं नाही. माझी कुत्री नेल टेबलाखाली जाऊन बसली, तिला वाटलं तिचंच काही चुकलं.

आज सकाळी एक मेंढी लंगडतेय. ती म्हातारी, डाव्या शिंगाचं टोक मोडलेली. पुढचा पाय टेकवतच नाही. मी तिला भिंतीशी दाबून धरली आणि तोंड उघडलं. ओठाच्या आत एक लाल चट्टा आहे, नखाएवढा. फोड म्हणावा की हेदरचं थोटूक टोचलेलं म्हणावं? मी पन्नास वर्षं मेंढ्यांची तोंडं बघतेय आणि आज मला सांगता येत नाही. बॅटरी दातांत धरून पुन्हा पाहिलं. बाकीच्या सगळ्या चरत होत्या. एकीने मान वर केली की मला वाटे, आता ही लाळ गाळणार.

शंका आली की त्याच क्षणी कळवायचं, असा कायदा आहे. मी कळवलेलं नाही. फोनपाशी दोनदा गेले. एकदा नंबरही फिरवला. पलीकडून "हॅलो" आलं आणि मी ठेवून दिला.

तुला ठाऊक आहे ना, माझ्या माळाला कुंपण नाही. सात घरांच्या मेंढ्या एकाच उघड्या माळावर, तरी माझी मेंढी ओढ्यापलीकडे जात नाही आणि मेट्काफची अलीकडे येत नाही. आईच्या मागून कोकरू हिंडतं, त्याला आपली हद्द कळते, तेच ते आपल्या कोकराला दाखवतं. आपण त्याला 'हेफ्ट' म्हणतो आणि रोज म्हणतो म्हणून त्याचं काही वाटत नाही. बाजारातून मेंढ्या आणता येतात, हेफ्ट आणता येत नाही. या दोनशे बारा गेल्या, तर ती हद्द माहीत असलेलं कुणी उरत नाही. आल्फ गेला तेव्हासुद्धा मी एवढी घाबरले नव्हते. नवरा गेला तरी मेंढ्या वर होत्या.

आता नीट वाच. गुरुवारी त्या कागदावर मी लिहिणार आहे: "भाऊ, डेस्मंड गार्बट, ४ मार्च, सायकलने, जंगलाच्या फाटकातून." खाली माझी सही. जंगलातून आलास, तर ते फार काही करणार नाहीत, रक्त घेऊन थांबतील.

पुन्हा एकदा विचारते, आणि ही शेवटची वेळ. लिहू ना तसं?

म्युरिअल

---

स्टेनरिग
मंगळवार, २० मार्च

म्युरिअल,

लिहू नकोस तसं.

जंगलाच्या फाटकाला साखळी होती. आत गाडीत वनखात्याचा माणूस बसला होता. परत फिरायला हवं होतं. मी लांबून फिरून आर्थर वॉसच्या लाल गल्लीने वर गेलो.

गल्लीत ओली लेंडी पडली होती. त्याने सकाळी मेंढ्या इकडून तिकडे नेल्या असणार. मी त्यातूनच चाकं नेली. तेव्हा आर्थरकडे काही झालेलं नव्हतं, म्हणजे झालेलं आहे हे कुणाला माहीत नव्हतं. पाच दिवसांनी तुझं पत्र निघालं, त्यात ते वाचलं.

टायर मी नऊ वेळा धुतलं. चार तारखेला एकदा, बाकी आठ वेळा तुझं पत्र आल्यावर, म्हणजे काही उपयोग नसताना. आता ते कापून जाळलं. तरी रोज सकाळी परसात जाऊन ते टांगलेला खिळा बघतो.

तुझ्या कागदावर लाल ठिपके होते. जुन्या भट्टीचा तो लाल चुरा, खोऱ्यात तो फक्त आर्थरच्या गल्लीत पसरलेला आहे. मी ते पाहिले. भिंग लावायच्या आधी पाहिले. लिहिलं नाही.

तू हे लिहिलंस तर ते तुझा कळप ठेवणार नाहीत. आर्थरच्या जागेवरून आलेलं चाक म्हणजे त्यांच्या दृष्टीने झालंच. नाही लिहिलंस आणि खरंच तसं असलं, तर मेट्काफ, हार्कर, सातही घरं. मी दोन दिवस याची मोजदाद करतोय. आजवर असं झालं नाही की मला एखादी गोष्ट मोजता आली नाही. ही येत नाही.

त्या मेंढीचा पाय कसा आहे? दुपारी एकदा फोन वाजला, मी उचलला नाही. तू करणार नाहीस हे माहीत असून उचलला नाही.

माझं नाव हवं तिथे लिही.

डेस

---

हाय क्रॉसगिल
शुक्रवार, २३ मार्च

डेस,

तुझं पत्र बुधवारी मिळालं. पहिल्यांदाच त्यात एकही इंच नव्हता.

पण मला नऊ तारखेपासून माहीत होतं. काळ्या पीटमध्ये लाल कण, त्यात माझ्या भावाच्या टायरचा पडलेला दात. गेल्या नाताळात तूच मला तो दाखवून म्हणाला होतास, "झिजेपर्यंत फेकणार नाही." लाल ठिपके मी आल्फच्या मेंढ्या रंगवायच्या पेन्सिलीने काढले. मुद्दाम ठळक. तुझं उत्तर आलं. हवा किती, वजन किती, ब्रेक कुठला, सगळं होतं. लाल तेवढं नव्हतं. आंधळ्याला दिसले असते ते ठिपके, आणि तुला दिसले नाहीत? मग मला कळलं, तू माझ्याहून जास्त घाबरलायस.

आता माझं ऐक, कारण सगळं पाप तू एकट्याने उचलावंस असं मला वाटत नाही. मीही तेरा दिवस गप्प बसले. तू सांगशील, मग मी सांगेन, असं स्वतःला सांगत बसले. खरं कारण वेगळं होतं. तू जंगलाचं फाटक म्हणालास ना, तेव्हा मला क्षणभर इतकं बरं वाटलं, की मी ते खरं मानायला तयार झाले. पेन हातात होतं.

काल पशुवैद्य आली. तरुण स्पॅनिश मुलगी, इनेस नाव, तिकडून मदतीला बोलावलेली. पांढऱ्या कपड्यात नखशिखांत गुंडाळलेली. वर गेल्यावर तिने चौफेर पाहिलं आणि म्हणाली, "कुंपण कुठे आहे?"

मी म्हणाले, "मेंढ्यांच्या डोक्यात."

ती हसली नाही. तिने म्हातारीचा पाय उचलला आणि खुरातून हेदरचं थोटूक काढलं, करंगळीएवढं. तोंड पाहिलं. म्हणाली, "चट्टा जुना आहे. रोगासारखा नाही. मला वाटतं स्वच्छ आहे." मग कागद काढला. "बाहेरचं कुणी?"

मी सांगितलं. तारीख, गल्ली, लेंडी, सगळं.

तिने पेन खाली ठेवलं. मग म्हणाली, "बाई, तुम्ही मला हे सांगितलं नसतंत तर..."

मी म्हणाले, "माळावर सात घरं आहेत, पोरी. लिही."

तिने वरिष्ठांना फोन केला. तिने माझ्यासाठी भांडण केलं, ते मला ऐकू येत होतं. उपयोग झाला नाही.

उद्या सकाळी संपवायला येतील. आज नेलने आणि मी सगळ्यांना खाली आणलं. त्या यायला तयार नव्हत्या, ही काही खाली यायची वेळ नव्हे त्यांची. म्हातारी आता चारही पाय टेकतेय.

तू येऊ नकोस. खिडकीतही उभा राहू नकोस. वारा तुझ्या बाजूचा आहे.

म्युरिअल

---

हाय क्रॉसगिल
सोमवार, २९ ऑक्टोबर २००१

डेस,

तुझी एकोणीस पत्रं आली. सगळी वाचली. उत्तर द्यायला बसले की टेबलावर हात ठेवून बसूनच राहायचे.

रक्ताचा निकाल मे महिन्यात कळला. स्वच्छ होतं. सगळ्यांचं. इनेसने स्वतः चिठ्ठी लिहून कळवलं, वाकडंतिकडं इंग्रजी, पण कळवलं. तुला कळवायचं की नाही यावर मी पाच महिने काढले. आता कळवतेय, कारण हे न कळता राहिलास तर रोज दोन्ही बाजूंनी मरशील, रोग आणला म्हणून आणि नसताना मारल्या म्हणून. मेट्काफच्या वाचल्या, बाकीच्यांच्याही वाचल्या. कुणाकडे काही गेलंच नाही.

एप्रिलमध्ये एक दिवस फावडं घेऊन मी चौथा चर बुजवायला गेले. दोन ढेकळं टाकली. पाणी तुंबायला लागलं, वाटेकडे वळायला लागलं. मी बघत उभी राहिले आणि मग तीच ढेकळं हाताने बाहेर काढली. अजून वाहतोय. माळ मात्र रिकामा आहे. हेदर फुललं आणि त्याला तोंड लावणारं कुणी नव्हतं. आणि तरी, डेस, रोज उजाडलं की मला जाग येते ती धसक्याने, की तोंडं बघायची राहिली.

शुक्रवारी ऐंशी मेंढ्या येताहेत. पलीकडच्या खोऱ्यातल्या, चांगल्या, पण त्यांना आपला माळ माहीत नाही. सोडल्या की पहिल्याच दिवशी ओढ्यापलीकडे जातील. दोन हिवाळे, कदाचित तीन, कुणीतरी हद्दीवर रोज चालायचं आणि त्यांना परत वळवायचं, कोकरं होऊन त्यांना कळेपर्यंत. मी एकसष्टची, नेल चौदाची. एकटीने होणार नाही. या माळावरचा प्रत्येक खड्डा, प्रत्येक ओघळ पाठ असलेला माणूस मला एकच माहीत आहे. तुलाही दुसरीकडे कुठे चरता येत नाही, हे मार्चमध्ये दिसलंच.

सायकल आण म्हणणार नाही. अजून नाही. पायी ये, लाल गल्लीने नको.

पेंढा अजून फाटकात आहे. बूट धुऊन ये. नऊ वेळा नको, एकदा पुरे.

म्युरिअल